निम्मा गल्ला

रेल्वेच्या फलाटावर वजनाचं यंत्र असायचं. रंगीत दिवे, गरगरणारी चकती आणि नाणं टाकलं की खालच्या फटीतून पडणारं पुठ्ठ्याचं तिकीट. तिकिटाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्यापेक्षा मला लहानपणी वेगळीच उत्सुकता असे: आत पडलेली नाणी नेतं कोण? यंत्र एकाचं, जागा दुसऱ्याची आणि पैसा तिसऱ्याचा, ही मांडणी तेव्हापासून डोक्यात राहिली. पुढे कारखान्याच्या टूलरूममध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर सवडीने तिचा माग घेऊ लागलो आणि जाऊन पोहोचलो सॅन फ्रान्सिस्कोच्या दारूच्या गुत्त्यांत. तिथे त्यांना सलून म्हणत. आपल्याकडच्या सलूनशी त्याचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या गुत्त्यांत जुगाराची यंत्रं येऊ लागली होती. 1891 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट या जोडीने पाच फिरत्या पिंपांवर पत्ते चिकटवलेलं यंत्र काढलं. पत्ते 52 ऐवजी 50. बहुधा इस्पिक दश्शी आणि बदाम गुलाम वगळलेले असत, म्हणजे मोठा डाव जुळण्याची शक्यता तिथेच घटे. यंत्राला पैसे परत देता येत नसत. डाव जुळला की गुत्तेवाला बिअरचा पेला किंवा सिगार देई. यंत्र खेळायला लावी, बक्षीस माणूस देई.

ही माणसाची गरज संपवणाऱ्यांत चार्ल्स ऑगस्ट फे यांचं नाव पुढे येतं. जन्म 1862, बव्हेरियातला. कोवळ्या वयात घर सोडलेला हा मुलगा म्युनिक, फ्रान्स, लंडन अशी कामं करत अमेरिकेत गेला आणि 1885 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचला. तिथे त्याला क्षयाने गाठलं, त्यातून तो वाचला. कॅलिफोर्निया इलेक्ट्रिक वर्क्समध्ये नोकरी केली. तिथला त्याचा सहकारी थिओडोर होल्ट्झ. त्याच शहरात गुस्टाव्ह शुल्ट्झ नावाचा आणखी एक कारागीर आपोआप नाणी परत देणारं एकचाकी यंत्र बनवून गुत्त्यांत ठेवत होता. ही तिन्ही नावं लक्षात ठेवावीत. पुढच्या गोष्टीत ती पुन्हा भेटतात.

1894 पासून फे स्वतः यंत्रं बनवू लागले. त्यांचं गाजलेलं यंत्र म्हणजे 'लिबर्टी बेल'. त्याच्या जन्मसालाबद्दल एकमत नाही; 1895 आणि 1899 अशी दोन्ही सालं छापलेली आढळतात, आणि 406 मार्केट स्ट्रीट इथल्या कार्यशाळेच्या जागी लावलेल्या स्मारकफलकावर 1898 आहे. रचना मात्र वादातीत आहे. तीन चाकं, प्रत्येकावर दहा जागा. घोड्याचे नाल, पत्त्यांची चिन्हं आणि एक तडा गेलेली घंटा. दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे 1000 जुळण्या. पाच सेंटांचं नाणं, ज्याला निकेल म्हणत, ते टाकायचं, दांडा ओढायचा. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या की सर्वांत मोठं बक्षीस, दहा निकेल. टूलरूममधल्या माणसाला यातली खरी करामत पटकन कळते. पाच पिंपांवरच्या पत्त्यांच्या असंख्य जुळण्यांचा हिशेब यंत्राला झेपत नव्हता. फे यांनी चाकं कमी केली, चिन्हं कमी केली आणि बक्षीस मोजण्याचं काम खाचा पाडलेल्या चकत्यांवर सोपवलं.

आता धंद्याकडे येऊ. इतकं चालणारं यंत्र हाती असताना फे यांनी ते विकायला नकार दिला. ते यंत्र गुत्त्यात ठेवत आणि येणारी मिळकत गुत्तेवाल्याशी निम्मी-निम्मी वाटून घेत. कारण समजायला न्यायालयात जावं लागतं. अमेरिकेत पेटंट मिळायला वस्तू 'उपयुक्त' असावी लागते, आणि त्या काळची न्यायालयं जुगाराच्या यंत्राला उपयुक्त मानत नव्हती. 1889 मध्ये इलिनॉयमध्ये खेळण्यातल्या घोड्यांच्या शर्यतीचं पेटंट याच कारणाने रद्द झालं होतं. 1897 मध्ये तोच प्रश्न सॅन फ्रान्सिस्कोत आला. खटला होता शुल्ट्झ विरुद्ध होल्ट्झ. नाणं परत देण्याच्या योजनेचं शुल्ट्झ यांचं पेटंट होतं. योजनेचा उपयोग जुगाराखेरीज दुसरा नाही, म्हणून पेटंट निरर्थक, असा निकाल लागला. फे यांच्या गावात, त्यांच्याच ओळखीच्या दोन माणसांत हे घडलं होतं.

म्हणजे यंत्र विकलं की विकत घेणारा ते उघडणार, चकत्यांचे छाप घेणार आणि उद्या तसंच बनवणार. त्याला अडवायला कायदा येणार नाही. यंत्राचं रहस्य राखायचं तर यंत्राची मालकी आणि किल्ली आपल्याजवळच ठेवायची, एवढाच मार्ग उरला. जुगाराला प्रतिष्ठा मिळू नये म्हणून कायद्याने तोंड फिरवलं, आणि त्या फिरवलेल्या तोंडामागे भाड्याच्या यंत्रांचा धंदा उभा राहिला.

हिशेब करून पाहू. समजा यंत्र 100 नाण्यांतली 75 परत देतं. दिवसाला 400 निकेल पडली, म्हणजे 20 डॉलर. त्यातले 15 खेळणाऱ्यांकडे परत गेले. उरले पाच; अडीच गुत्तेवाल्याला, अडीच यंत्रमालकाला. गुत्तेवाल्याने भांडवल घातलेलं नाही, फक्त कोपरा दिला आहे. यंत्रमालकाने दुकान थाटलेलं नाही, नोकर ठेवलेले नाहीत. हातात हत्यारांची पेटी आणि नाण्यांची थैली घेऊन गल्लीगल्लीतून फिरायचं, एवढाच त्याचा खर्च. परक्या शहरात आलेल्या कारागिराला याहून सोपी सुरुवात कुठली?

पण या मांडणीत एक गोष्ट दडलेली आहे. यंत्रमालक हरणाऱ्याला कधी पाहत नाही. तो येतो तेव्हा पेटीत फक्त नाणी असतात. गुत्तेवाला हरणाऱ्याला रोज पाहतो, पण यंत्र आपलं नाही, असं तो म्हणू शकतो. दोघांनाही आपापल्या जागी निर्दोष वाटावं, अशी ही वाटणी आहे. गल्ला निम्मा होतो तशी जबाबदारीही निम्मी होते. आणि दोन निम्म्या जबाबदाऱ्यांची बेरीज अनेकदा शून्य भरते.

रहस्य फार काळ टिकलं नाही. 1905 मध्ये पॉवेल स्ट्रीटवरच्या एका गुत्त्यातून 'लिबर्टी बेल' चोरीला गेलं आणि ते शिकागोच्या मिल्स कंपनीपर्यंत पोहोचलं, असं सांगतात. फे यांनी स्वतःच मिल्सशी देवघेव केली, असं मानणारेही आहेत. 1906 च्या भूकंपानंतरच्या आगीत फे यांची कार्यशाळा जळाली. 1907 मध्ये मिल्सने त्याच नावाचं, त्याच धर्तीचं यंत्र बाजारात आणलं. दाद मागायला पेटंट नव्हतंच. 1909 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणि 1911 मध्ये कॅलिफोर्नियाने या यंत्रांवर बंदी घातली. फे 1944 मध्ये वारले. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने जुगाराचं यंत्र 'निरुपयोगी' मानण्याची जुनी भूमिका सोडली ती 1977 मध्ये.

यंत्राच्या चाकांवर पुढे चेरी, लिंबं, आलुबुखार आले. त्या फळांमुळे इंग्लंडमध्ये त्याला 'फ्रूट मशीन' हे नाव पडलं. तिथे 1960 च्या कायद्याने दार किलकिलं केलं आणि यंत्रं पबमध्ये स्थिरावली. 2005 च्या जुगार कायद्यानुसार दारूचा परवाना असलेल्या पबला, रीतसर कळवून शुल्क भरलं की, दोन यंत्रं ठेवता येतात. 2014 पासून पबमधल्या नेहमीच्या यंत्रावर एका डावाला कमाल एक पौंड आणि बक्षीस कमाल 100 पौंड अशी मर्यादा आली. यंत्र पुरवणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. 2013 पासूनचा यंत्रकर भरण्याची जबाबदारी साधारणपणे जागेच्या परवानाधारकावर, म्हणजे पबवाल्यावर आहे. कुठे आठवड्याचं ठरलेलं भाडं, कुठे मिळकतीतला वाटा. फे यांना हा व्यवहार ओळखायला अडचण पडली नसती. फरक एवढाच, की आता कायदा दोघांनाही नावाने ओळखतो.

आणि आपल्याकडे? 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा फे यांच्या यंत्राहून वयाने मोठा आहे. त्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना केवळ जागेच्या वापराचा आकार नव्हे, जुगाराच्या साधनाच्या वापराचा आकारही धरला आहे. घर माझं नाही किंवा साधन माझं नाही, या दोन्ही पळवाटा मसुदा लिहिणाऱ्याला दिसल्या होत्या. गोव्याने 1992 मध्ये वेगळी वाट धरली आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा दिली. त्यामुळे कोपऱ्यावरच्या तावेर्नात यंत्र ठेवून निम्मा गल्ला वाटून घेणारा लहान माणूस तिथे कायद्याने उभाच राहू शकत नाही. यंत्र मोठ्यांच्या दिवाणखान्यात गेलं.

मार्केट स्ट्रीटवरचा तो फलक फे यांच्या कल्पकतेचा गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. तीन चाकांची रचना आज पडद्यावरच्या चित्रांतही टिकून आहे. पण त्यांच्या हातून घडलेल्या दोन गोष्टींपैकी फलकावर एकच आहे. दुसरी लोखंडाची नव्हती, बोलीची होती: 'जागा तुझी, यंत्र माझं, निम्मं-निम्मं.' त्या बोलीत तिसरा माणूस येतच नाही, आणि पेटीतलं प्रत्येक नाणं तर त्याचंच असतं.