धाब्यावरचे गवत, मनोऱ्यावरचे झाड

ज्यांचे बालपण खानदेशातील धाब्याच्या घरात गेले, त्यांना छपरावर उगवणाऱ्या गवताचे नवल वाटणार नाही. लाकडी तुळया, त्यांवर काटक्या व पाला आणि वर मातीचा जाड थर, अशी त्या घरांची रचना असे. ही माती उन्हाळ्याचा दाह अडवी. पावसाळ्यात तिच्यावर हिरवळ येई. परंतु मुळांवाटे पाणी घरात झिरपू नये म्हणून घरधनी ती उपटून टाकी.

पुढे वास्तुकलेने या हिरवळीलाच निमंत्रण दिले. मुंबईत मलबार टेकडीवर 1880 च्या सुमारास जलाशयाच्या छतावर बाग फुलविण्यात आली. इटलीतील मिलान शहरात 2014 मध्ये स्तेफानो बोएरी यांच्या योजनेनुसार दोन उंच निवासी मनोरे पूर्ण झाले. त्यांच्या सज्ज्यांवर सुमारे 800 झाडे आहेत. मातीचे ओझे पेलणारे सज्जे, वाऱ्याने उन्मळू नयेत म्हणून जखडलेली झाडे, नळ्यांतून पोहोचणारे पाणी आणि दोरांवरून उतरून छाटणी करणारे माळी, एवढा खटाटोप त्यामागे आहे.

महापालिकेच्या 17 मजली इमारतीने जळगावही उंच झाले आहे. येथील उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तेव्हा अशा सावलीचा मोह कोणाला होणार नाही? पाणी थेंबाथेंबाने मुळाशी नेण्याची विद्याही येथे आहे. भवरलाल जैन (1937–2016) यांच्या उद्योगामुळे जळगावचे नाव ठिबक सिंचनाशी जोडले गेले.

मात्र थोडे पाणी कसे पुरवावे, एवढेच ठिबक शिकविते; ते कोणाच्या वाट्याचे, हे शिकण्यासाठी धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी जावे लागते. तेथील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटकरी वाटीत असे. प्रत्येक फडात अनेकांच्या जमिनी असत. पाणी अपुरे असेल त्या वर्षी कमी फड भिजवीत आणि तोटा सर्वांनी मिळून सोसावा, अशी रीत होती.

धुळ्यात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याची वेळ अनेकदा आली आहे. अशा प्रदेशात शेजारच्या वस्तीतील घागर रिकामी ठेवून दहाव्या मजल्यावरचे झाड पोसणे, हे पाटकऱ्याला मान्य झाले नसते. स्नानाचे, धुण्याचे पाणी शुद्ध करून झाडांना द्यावे, देशी व काटक झाडे निवडावीत आणि टंचाईत आपली हिरवळ आधी सुकू द्यावी. एवढे पथ्य पाळले, तर मनोऱ्यावरचे झाड खानदेशाला परके राहणार नाही.