वाट चुकलेल्यांचे लिस्बन

हरमलच्या माणसाने लिस्बनला परके शहर म्हणावे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तो अंमल संपला. सुमारे १७३ वर्षे आमच्या गावाचे कायदे ज्या शहरात ठरत होते, ते आमच्या पूर्वजांपैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. आम्ही तेथे गेलो तेव्हा मनात कुतूहल होते. आणि खोटे कशाला बोला, थोडी अढीही होती.

पहिल्या दिवशी आम्ही शहाण्या प्रवाशाप्रमाणे टिपण हातात घेऊन निघालो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप, आग आणि समुद्राच्या लाटा यांनी जुने शहर उद्ध्वस्त केले. पुढे पोंबाल या नावाने प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने सखल भागाची नव्याने आखणी करविली. रस्ते सुतात धरल्यासारखे सरळ. एक सोन्याच्या नावाचा, एक चांदीच्या, एक चांभारांच्या. नदीकाठच्या चौकात राजा जुझे पहिला घोड्यावर आरूढ. सारे भव्य खरे. परंतु राजसत्तेने जे दाखवायचे ठरविले, तेवढेच आम्ही पाहत होतो. अढी जागच्या जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी टिपण खोलीवरच ठेवले. पाय नेतील तिकडे जाता जाता अल्फामा नावाच्या चढणीवरच्या वस्तीत शिरलो. हे नाव मूळ अरबी. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकले, त्याआधीच्या मुसलमानी अमलाची ती खूण. भूकंपातूनही ही वस्ती बऱ्याच अंशी वाचली. गल्ली पायऱ्या चढते, कोणाच्या उंबऱ्याशी वळते आणि अवचित भिंतीपाशी संपते. वर वाळत घातलेले कपडे, कोठून तरी भाजत्या तारल्यांचा वास. आम्ही तीनदा वाट चुकलो. कायद्याच्या पुस्तकांतली आमची पोर्तुगीज एका म्हातारीला काही केल्या उमगेना. अखेर ती काठी टेकीत वळणापर्यंत आमच्यासोबत आली. हरमलात याहून वेगळे काय घडते?

आमच्या व्यवसायात 'वहिवाट' हा शब्द रोज तोंडी असतो. वाट आधी पावलांनी पडते. कायदा तिला मागाहून मान्यता देतो. सखल भागातले रस्ते हुकुमाने झाले, अल्फामातले वहिवाटीने. १८६७ ची जी पोर्तुगीज दिवाणी संहिता लिस्बनने १९६७ साली बाजूस सारली, तिच्यातील कौटुंबिक कायद्याचा बराच भाग गोव्यात आजही चालतो. हुकूम आमच्याकडे पोहोचला होता. त्या शहरातली माणसे मात्र आम्हांस आता भेटत होती.

तथापि, निरुद्देश चालण्याचे हे सुख फुकट मिळालेले नाही, हेही त्या पायऱ्यांवर आठवले. आमच्याच पेडण्यातील पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडून चालत आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या राजवटीने ते चालणे गुन्हा ठरविले, तिच्याच राजधानीत आम्ही वाट चुकत हिंडलो आणि कोणी हटकले नाही. त्या सत्याग्रहींचे ऋण एरवी भाषणांतून ऐकलेले. येथे ते पायांना कळले.

हरमलात टेकडीपलीकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे परदेशी माणसे अशीच भटकत निघतात. पूर्वी आम्ही त्यांस हसत असू. आता कोणी वाट विचारली, तर वळणापर्यंत सोबत जातो.