बंदिवासातील ऊन पाणी

दक्षिण अमेरिकेच्या नद्यांकाठी राहणारा कॅपिबारा हा उंदीर-घुशींच्या वर्गातील सर्वांत मोठा प्राणी. वजन सुमारे ५० किलो, आहार गवत, संकटकाळी आश्रय पाण्याचा. आज जगातील अनेक प्राणिसंग्रहालयांत तो पाळला जातो. त्याच्या बंदिवासाच्या इतिहासातील एक प्रसंग आम्हांस मननीय वाटतो.

जपानातील इझू द्वीपकल्पावर १९५९ साली निवडुंगांचे एक उद्यान उघडले. 'शाबोतेन' या त्याच्या नावाचा अर्थच निवडुंग. तेथे कॅपिबाराही ठेवले होते. १९८२ च्या हिवाळ्यात ऊन पाण्याने आवार धूत असता, साचलेल्या ऊन डबक्यात हे प्राणी येऊन बसलेले तेथील रक्षकाच्या दृष्टीस पडले. त्या एका निरीक्षणातून त्यांच्यासाठी हिवाळ्यात ऊन पाण्याचे उघडे स्नानकुंड सुरू झाले. पुढे जपानातील इतर संग्रहालयांनीही तो प्रघात उचलला.

मुक्या जिवास फिर्याद लिहिता येत नाही, वकीलही देता येत नाही. ज्याने त्यास कुंपणात ठेवले, त्यानेच त्याचे गाऱ्हाणे डोळ्यांनी वाचावयाचे असते. नदीकाठच्या या प्राण्यास परक्या थंडीत आणले, त्याच क्षणी त्या उबेचे ऋण पाळणाऱ्याच्या माथी आले. तेव्हा त्या स्नानकुंडास आम्ही उपकार न म्हणता ऋणफेड म्हणतो.