बहर व सुकलेल्या फुलांची खुडणी

बहुवर्षायू फुलझाडांवरील कोमेजलेली फुले बी धरण्यापूर्वी काढून टाकण्याची बागकामातील पद्धत. परागण झाल्यावर झाडाचे अन्न फळ व बी पोसण्याकडे वळते. वाढत्या बियांतील संप्रेरकांमुळे पुढील कळ्या धरण्यासही आडकाठी होते. फूल वेळीच खुडल्यास हे अन्न नव्या फुटीला मिळते आणि अनेक जातींत बहर लांबतो.

खुडण्याची रीत झाडागणिक बदलते. गुलाबात फुलाखालील पहिल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत उतरून, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या सुमारे ५ मिमी. वर धारदार कात्रीने तिरपा काप घेतात. त्या डोळ्यातून नवी फांदी फुटून साधारण ६ ते ७ आठवड्यांत पुन्हा फूल येते. जरबेराचा दांडा मात्र न कापता बुडाशी पिरगळून उपटतात, कारण उरलेला खुंट कुजतो. कर्दळीचा फुलून संपलेला दांडा जमिनीलगत छाटतात. जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसात आपोआप गळते. तेथे खुडणीची फारशी गरज नसते.

सर्वच झाडे दुसरा बहर देत नाहीत. शेवंतीच्या बहुतेक जातींत कळ्या दिवस लहान होऊ लागल्यावरच धरतात, त्यामुळे खुडणीने ऋतू बदलत नाही. थंड हवामानातील डेल्फिनियम पहिले तुरे छाटल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा फुलू शकते; पिओनी वर्षातून एकदाच फुलते. बी धरायचे असल्यास किंवा पक्ष्यांसाठी राखायचे असल्यास हंगामातील शेवटची फुले झाडावरच ठेवतात.