परतीचा परवाना

धंद्याच्या निमित्ताने मुदतीच्या परवान्यावर परमुलखात गेलेला मनुष्य तेथला कायमचा रहिवासी नेमका केव्हा होतो, हा प्रश्न आज परकीय वकिलातींच्या दारात उभ्या राहणाऱ्या आपल्या तरुणांना वाटतो तितका नवा नाही. हिंदी व्यापाऱ्यांना तो सर्वांत कठोरपणे विचारला गेला दक्षिण आफ्रिकेत. त्या इतिहासाचे वाचन करताना एक गोष्ट माझ्या मनावर उत्तरोत्तर अधिक ठसत गेली: परमुलखातील वास्तव्याच्या हक्काची खरी कसोटी मनुष्य तेथे राहत असताना लागत नाही, तो मायदेशी जाऊन पुन्हा त्या बंदरावर उतरू पाहतो तेव्हा ती लागते.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ जहाज मद्रासेहून डर्बनला पोचले आणि नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटावर आणलेले हिंदी मजूर आफ्रिकेच्या भूमीवर उतरले. त्यांच्या पाठोपाठ, परंतु कोणत्याही कराराने बांधून न घेता, स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून व्यापारी आले. त्यांत पोरबंदरकडील मेमण होते, सुरतेकडील व्होरा होते. आणि केपटाउनच्या बाजूस आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडील कोकणी मुसलमानही होते, ज्यांतील पुष्कळांना पेढी कसली, फेरीची पाटी किंवा दुसऱ्याच्या दुकानातील नोकरी एवढेच भांडवल होते. ह्या सर्वांची वहिवाट मात्र एकच असे. तरुण मुलाने जायचे, दोन-चार वर्षे दुकानावर बसायचे, कर्ज फेडण्यापुरता किंवा घरावर कौले चढवण्यापुरता पैसा साठला की दुकान भावाच्या अथवा पुतण्याच्या हवाली करून गावी यायचे, लग्न करायचे आणि बायकोला वडीलधाऱ्यांपाशी ठेवून पुन्हा जहाज गाठायचे. आपण स्थलांतर करीत आहो असे ह्यांतील कोणासही वाटत नव्हते. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी १८९३ साली एक वर्षाच्या बोलीवर, जाण्यायेण्याचे भाडे आणि १०५ पौंड मेहनताना ठरवून गेलेले बॅरिस्टर गांधी हेही त्याच वहिवाटीचे प्रवासी होते, आणि त्यांचे ते एक वर्ष १९१४ च्या जुलैत संपले.

गोऱ्या वसाहतवाल्यांना मजूर हवा होता, व्यापारी नको होता. कारण मजूर त्यांच्या मळ्यात राबत असे आणि व्यापारी त्यांच्या शेजारी दुकान मांडीत असे. ऑरेंज फ्री स्टेटने तर १८९१ साली कायदा करून हिंदी व्यापारी समूळ घालवून दिले. नाताळात इंग्रजी अंमल असल्यामुळे इतका उघडा मार्ग शक्य नव्हता. १३ जानेवारी १८९७ रोजी ‘कुरलँड’ आणि ‘नादरी’ ह्या दोन जहाजांतील हिंदी उतारू डर्बनला उतरू नयेत म्हणून गोऱ्यांचा जमाव धक्क्यावर गोळा झाला, आणि त्याच वर्षी विधिमंडळाने जमावाचा हेतू कायद्याच्या सभ्य भाषेत मांडून दिला. प्रवेशनिर्बंधाच्या कायद्यात आशियाई हा शब्द कोठेही नव्हता. अर्जदारास युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे ही त्यातील कळीची अट होती. वसाहतमंत्री चेंबरलेन यांना ही युक्ती इतकी पसंत पडली की इतर वसाहतींनाही त्यांनी तिची शिफारस केली, आणि ऑस्ट्रेलियाने १९०१ साली तिचा अवलंब केला.

ज्याचा नाताळात आधीपासून अधिवास होता त्यास ही अट लागू नव्हती, आणि म्हणून व्यापाऱ्याचे सारे भवितव्य अधिवासाच्या दाखल्यावर येऊन ठेपले. प्रथम दोन आणि १९०३ पासून तीन वर्षांचे वास्तव्य शाबीत करावे लागे. ज्याची खातेवही गुजरातीत, ज्याचे दुकान काकांच्या नावावर, ज्याचे बिऱ्हाड दुकानाच्याच मागल्या खोलीत, त्याने हे कोणत्या कागदावरून शाबीत करावयाचे? शिवाय व्यापाराचा परवाना हा निराळाच कागद होता. १८९७ च्याच दुसऱ्या कायद्याने तो देण्या-न देण्याचा अधिकार एका अंमलदाराच्या हाती गेला, हिशेब इंग्रजीत ठेवणे सक्तीचे झाले, आणि परवाना नाकारला तर वरिष्ठ न्यायालयाचे दार बंद झाले. राहण्याचा हक्क आहे परंतु ज्यासाठी राहावयाचे तो धंदा करण्याचा हक्क नाही, ही अवस्था अनेकांच्या वाट्याला आली.

ट्रान्सवालची हकीकत ह्याहून विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तेथे बोअर अंमलात १८८५ चा तिसरा कायदा होता: व्यापारासाठी येणाऱ्या आशियाई माणसाने नोंद करून फी भरावी, ठरवून दिलेल्या वस्तीतच राहावे, अन्यत्र जमीन धारण करू नये. प्रथम पंचवीस पौंड असलेली फी पुढे तीन पौंडांवर आली, आणि वस्तीचा नियम पुष्कळसा कागदावरच राहिला. ११ ऑक्टोबर १८९९ रोजी बोअर युद्ध पेटले, त्या सुमारास हिंदी व्यापारी दुकाने टाकून नाताळात, केपमध्ये, कित्येक थेट हिंदुस्थानात आले. आणि युद्धानंतर इंग्रजी अंमलात परत जाऊ लागले तेव्हा युद्धापूर्वी आपण तेथे होतो हे परवान्यासाठी शाबीत करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. १९०३ साली लॉर्ड मिल्नर यांनी हिंदी शिष्टमंडळास असा भरवसा दिला की एकदा नोंद झाली म्हणजे पुन्हा नोंदीचे कारण नाही, येथे राहण्याचा आणि येण्याजाण्याचा हक्क त्या नोंदीने मिळतो. व्यापाऱ्यांना ह्याहून अधिक काही नकोच होते. त्यांनी त्या शब्दावर नोंदी केल्या. आणि अवघ्या तीन वर्षांत, १९०६ च्या ऑगस्टमध्ये, ते सारे दाखले रद्द करून प्रत्येकाने बोटांचे ठसे देऊन नवी नोंद करावी आणि पोलिसाने मागताच दाखला दाखवावा, असा कायद्याचा मसुदा पुढे आला. ११ सप्टेंबर १९०६ च्या जोहान्सबर्गच्या सभेत त्यास शरण न जाण्याची शपथ घेतली गेली, ती ह्या वचनभंगातून.

पुढे त्या मसुद्याचा कायदा झाला. १९०८ च्या जानेवारीत सरकारशी तडजोड झाली, लोकांनी स्वेच्छेने नोंदी केल्या, आणि कायदा मात्र मागे घेतला गेला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमिदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक दाखले मोठ्या लोखंडी कढईत घालून जाळण्यात आले. ह्या प्रसंगाचे वर्णन बहुधा सत्याग्रहाच्या तत्त्वज्ञानाच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु दुकानदाराच्या बाजूने पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही असे मला वाटते. तो कागद गेला म्हणजे दुकान, उधारी, गावी जाऊन परत येण्याची वाट, पुतण्याला हाताशी आणण्याची आशा, सारेच संशयात पडत होते. ज्यांनी आयुष्यभर पावत्या जपल्या त्या माणसांनी आपल्या हाताने हा कागद अग्नीत टाकला. त्यागाच्या आपल्या इतिहासात ह्या व्यापाऱ्यांना जे स्थान मिळावयास हवे होते ते अद्याप मिळालेले नाही.

केपचा मार्ग अधिक शांत आणि म्हणूनच अधिक क्रूर होता. १९०६ च्या कायद्यानंतर मायदेशी जाणाऱ्या हिंदी माणसाला छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा देऊन, एक पौंड भरून, परतीचा परवाना घ्यावा लागे, आणि त्याची मुदत बहुधा एक वर्षाची असे. रत्नागिरीकडचा मनुष्य आठवड्यांमागून आठवडे समुद्रावर काढून मुंबईस उतरणार, पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद, घरी बापाचे आजारपण, जमिनीचा तंटा, बहिणीचे लग्न. आणि तेवढ्यात वर्ष उलटणार. मुदत टळली की अनेक वर्षांच्या वास्तव्याचा हक्क बुडाला.

१९१२ च्या ऑक्टोबरात नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. जोहान्सबर्गमध्ये काही कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांनी आपल्याशी मराठीत बोलावे अशी त्यांची फार इच्छा होती. गांधींनी ती विनंती पोचवली, गोखले मराठीत बोलले, आणि गांधींनी त्याचे हिंदुस्थानी भाषांतर केले. ही रीत पुढे झांजिबारपर्यंत चालू राहिली. ज्यांना सरकार तात्पुरते उतारू समजत होते त्यांची कैफियत वजनदार लोकप्रतिनिधी त्यांच्याच बोलीत मांडतो आहे, ह्याने त्या श्रोत्यांना किती धीर आला असेल! गिरमिटातून सुटलेल्या मजुरांवरील तीन पौंडांचा वार्षिक कर उठेल ह्या समजुतीने गोखले परतले. तसे झाले नाही.

त्यानंतर घाव घातला गेला तो कुटुंबावर. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी ख्रिस्ती विधीने न झालेले व नोंद न केलेले विवाह अमान्य ठरवले, आणि व्यापाऱ्याची धर्मपत्नी कायद्याच्या दृष्टीने परकी झाली. पत्नी आली, मुले शाळेत जाऊ लागली, म्हणजेच दुकानाच्या मागल्या खोलीचे घर होते. तोच दरवाजा आता बंद होत होता, आणि म्हणून त्या वर्षीच्या लढ्यात स्त्रिया उतरल्या. १९१४ च्या कायद्याने कर उठला, एका पत्नीचा विवाह मान्य झाला, आणि नाताळच्या अधिवासाच्या ज्या दाखल्यावर धारकाच्या अंगठ्याचा ठसा आहे तो निर्णायक पुरावा ठरला. कसोटी बंदरावरच राहिली, परंतु तीत आता अंमलदाराची लहर चालणार नव्हती.

मायदेशी परत पाठवण्याची कल्पना मात्र सरकारने सोडली नाही. १९२७ च्या केपटाउन करारानंतर जाणाऱ्यास वीस पौंड देऊ केले गेले, आणि सलग तीन वर्षे बाहेर राहिलेल्याचा अधिवास संपुष्टात येऊ लागला. १९५३ साली हिंदुस्थानातून पत्नी आणण्याची वाटही बंद झाली. हिंदी लोक हे देशाच्या कायमच्या लोकसंख्येचा भाग आहेत असे सरकारने मान्य केले ते १९६१ साली, जेव्हा त्यांतील बहुसंख्य लोक त्याच भूमीवर जन्मलेले होते. १९५० च्या वस्तीविभागणीच्या कायद्याने त्यांची दुकाने उठवण्याचे काम तेव्हाही चालूच होते. जोहान्सबर्गच्या पेजव्ह्यू भागातील हिंदी दुकानदार तर त्या मान्यतेनंतर, सत्तरच्या दशकात, आपल्या जागांवरून हलवले गेले.