मानापमान दूर सारणारी रात्र



सत्कार्यास द्रव्यसाहाय्य व्हावे म्हणून नामांकित नटांनी एकत्र येऊन खेळ करावा, ही चाल आपल्या रंगभूमीस नवी नाही. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेला 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभारावा आणि ३० जून १९२१ पर्यंत त्यात एक कोटी रुपये जमवावे, असा संकल्प महात्मा गांधींच्या प्रेरणेने राष्ट्रसभेने केला. या फंडासाठी नाटकमंडळ्याही पुढे सरसावल्या. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व आणि 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले यांनी एकाच रंगमंचावर उभे राहण्याचे ठरविले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर.

यात एवढे नवल ते काय, असे आज कोणी विचारील. परंतु त्या काळी या दोन मंडळ्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या, आणि त्यांच्या रसिकांचेही दोन तट पडले होते. बालगंधर्वांचे गाणे लडिवाळ आणि भावार्द्र. केशवरावांचे तेजस्वी आणि चपळ. एका रंगमंचावर गाताना कोण सरस ठरतो, हे पाहण्यास प्रेक्षक टपलेला असणार, हे दोघेही जाणून होते. कमावलेली कीर्ती एका रात्रीत तराजूत घालावयाची, ही जोखीम लहान नव्हती.

नाटकही नेमके मानापमानाचेच. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ साली किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. श्रीमंताची कन्या भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, आणि मग वेष पालटून त्याच्या सहवासात आल्यावर त्याचे मोल ओळखते. लक्ष्मीधर हे पात्र तर श्रीमंती डौलाचे चालतेबोलते विडंबनच. पैशाचा तोरा मोठा, पण छातीत धैर्य नाही! धनापेक्षा धैर्य श्रेष्ठ, हे प्रेक्षकांना हसवीत सांगणारे नाटक देशकार्याच्या निधीसाठी व्हावे, ही योजना किती समर्पक!

सांबरा, बेळगाव, निपाणी या भागातील श्रोत्यांना या प्रयोगाविषयी विशेष आपुलकी वाटावी. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत बालगंधर्व वाढले. केशवरावांनी 'ललितकलादर्श'ची स्थापना केली ती १९०८ साली, हुबळीस. म्हणजे मुंबईत त्या रात्री एकत्र आलेले दोन्ही प्रवाह उगम पावले होते ते आपल्याच बाजूला. 'बालगंधर्व' ही उपाधीही लोकमान्यांनीच दिली, असे सांगतात. तेव्हा हे ऋणही त्या रात्री काहीसे फेडले गेले.

प्रयोगास लोक लोटले, आणि त्याची कीर्ती मुंबईबाहेरही पसरली. तथापि त्याची खरी किंमत पुढे कळली. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच, केशवराव हे जग सोडून गेले. वयाची एकतीस वर्षे पुरी होऊन त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. आपापला मान सांभाळीत ही दोन माणसे आणखी काही महिने थांबती, तर हा योग मराठी रंगभूमीस कधीच लाभता ना.

दान म्हटले की आपण द्रव्य मोजतो. त्या रात्रीच्या उत्पन्नाचा हिशेब फंडाच्या वहीत जमा झाला. परंतु वहीत न मांडता येणारेही एक दान तेथे झाले. बरोबरीच्या माणसाशेजारी उभे राहून गाताना दोघांनी आपला अहंकार क्षणभर उतरवून ठेवला. आपल्या गावोगावच्या मंडळ्यांनी शाळेसाठी वा देवळासाठी नाटक बसविताना भूमिकांवरून रुसवेफुगवे झालेच, तर या धैर्यधर-भामिनीची आठवण अवश्य करावी.