पाणी उकळू नये म्हणून: रेडिएटरची कुळकथा

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं आणि ते दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवू लागलं. खरी धावपळ झाली ती मात्र पाण्यासाठी. खानावळ दिसली की पाणी, ओढा दिसला की पाणी. कार्ल बेंझने केलेली सोयच तशी होती: सिलिंडरभोवती पाणी आणि वर उघडी टाकी. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. युक्ती चांगलीच, कारण पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. पण उडालेलं पाणी काही परत येत नाही.

इंजिनाचं दुखणं मुळातलंच आहे. जळालेल्या इंधनाच्या उष्णतेतली थोडकीच चाकं फिरवण्याच्या कामी येते. बरीचशी सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि जवळपास तिसरा हिस्सा इंजिनाच्या धातूत शिरतो. तो तिथून काढला नाही तर तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि शेवटी इंजिन सीज होतं.

तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा वापरायचं, या कल्पनेला नेटकं रूप दिलं डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने. १८९७ चा त्याचा रेडिएटर नळ्यांचा होता, पण त्याला पाणी फार लागायचं. नीसमध्ये राहणारा धनाढ्य एमिल येलिनेक कंपनीच्या मागे लागला होता, आणखी वेगवान गाडी द्या म्हणून. त्यातून १९०० च्या अखेरीस ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज तयार झाली. तिच्या नाकावर मायबाखने ६ मिलिमीटरच्या चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या एकमेकींना डाखून बसवल्या. गंमत म्हणजे या नळ्यांतून वाहायची हवा, पाणी नव्हे; पाणी त्यांच्यामधल्या फटींतून झिरपत खाली यायचं. मागे पंखा. थोडक्या पाण्याला एवढा मोठा पृष्ठभाग मिळाल्यावर पाण्याचा साठा निम्म्यावर आला. मधाच्या पोळ्याचं नाव मिळालेली ही रचना पुढे बदलली, पण गाडीच्या पुढच्या भागाला जो ‘चेहरा’ आला तो इथूनच.

सगळ्यांनाच इतका खटाटोप नको होता. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार पाणी जड होऊन खाली येतं, एवढ्याच बळावर ते फिरायचं. स्वस्त आणि बिघडायला काही नाही. पण चढावर ताण आला की उकळलंच. म्हणून १९१२ च्या सुमारास हॅरिसन बॉइस या अमेरिकनाने रेडिएटरच्या झाकणावर बसवायचा तापमापक काढला. ड्रायव्हरने समोरच्या काचेतून नाकाच्या शेंड्यावरचा तापमापक पाहत गाडी हाकायची. मला तर आजच्या डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक वाटतं. दिवा लागतो तोवर बरेचदा उशीर झालेला असतो.

पुढची मोठी सुधारणा दिसायला अगदीच क्षुल्लक: स्प्रिंगचं झाकण. पाणी बंद करून त्यावर दाब ठेवला की ते शंभर अंशांना उकळत नाही, हे घरातल्या कुकरने आपल्याला शिकवलेलंच आहे. हवेच्या दाबाइतका जादा दाब ठेवला तर उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. मात्र त्यामुळेच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं धोक्याचं झालं. दाब सुटताच आतलं पाणी एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं.

आपल्याकडे ही सगळी विद्या थंड देशांतून आली. इटलीची फिएट ११००डी, जी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरने बनवली आणि पुढे पद्मिनी झाली, तिचंच पाहा. रेडिएटरमधलं पाणी ९० अंश आणि बाहेर २० अंश असेल तर फरक ७० अंशांचा. नागपूरच्या ४५ अंशांत तोच फरक ४५ वर येतो, म्हणजे उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाहून जास्त घटते. त्यात बोरघाट किंवा कसारा चढताना गिअर खालचा, इंजिनवर ताण पुरेपूर, समोरून वारा नाही. पट्ट्यावर चालणारा पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरणार, त्यामुळे मुंबईच्या गर्दीत तो मंदावतो. विजेच्या पंख्याने हे दुखणं मिटवलं. आपल्या रस्त्यांवर तो घरोघर पोचवला १९८३ च्या मारुती ८०० ने.

गाडी तापायची म्हणून आपल्याकडे एक उपाय सर्रास झाला: थर्मोस्टॅट काढून फेकायचा. मला तो कधीच पटला नाही. थर्मोस्टॅट पाणी साधारण ८२ अंशांना पोचेपर्यंत रेडिएटरची वाट अडवतो, कारण थंड इंजिन जास्त झिजतं आणि जास्त पेट्रोल पितं. तो काढून तापमानाचा काटा खाली आला तरी मूळ रोग तसाच राहतो.

तो रोग बहुधा नळ्यांत असतो. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत साचतात. असा रेडिएटर कारागिराकडे उघडताना पाहण्यासारखा असतो. गॅसच्या बत्तीने डाख वितळवून वरची टाकी अलग केली की चपट्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. काही पांढऱ्या पुटाने बुजलेल्या, काही गंजाने तांबूस. मग पातळ पोलादी पट्टी एकेका नळीतून वरून खाली घालायची, चिखल खरवडून काढायचा, पाण्याने धुऊन पुन्हा डाख द्यायचा. ॲल्युमिनिअमच्या नव्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. तो उघडून साफ करत बसत नाहीत, सरळ बदलतात. त्यामुळे हे काम करणारे हात कमी होत चाललेत.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एप्रिल उजाडण्याआधी एवढं करा: साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला, पंख्याचा पट्टा चिरला आहे का पाहा आणि इंजिन गार असताना झाकण काढून त्याचं रबर तपासा. ते कडक झालं असेल तर दाब धरत नाही. झाकण त्याच दिवशी बदला. आणि घाटात गाडी उकळलीच, तर अर्धा तास सावलीत थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो.